पुल्लिंगी इतिहास

इतिहास निवडायचा होता, आणि पंधरवड्याच्या आत तो शिकवूनही दाखवायचा होता. जेवणाच्या टेबलावर तीन अभ्यासक्रमांची तीन नमुना-खोकी उघडून मुंगीची आई बसली होती. पहिल्या खोक्यात एक लांबलचक दोरी होती. ती घरभर बांधायची आणि तिला चिमट्यांनी हजारो वर्षं लटकवायची. दुसऱ्यात मातीचे गोळे होते, आणि मुलांनी आपल्या हातांनी एक छोटं साम्राज्य उभारून नंतर ते पाडावं अशी सूचना होती. तिसऱ्यात वाळूची पेटी, दोन ब्रश, दोन खुरपी आणि रंगीत कार्डांचा एक गठ्ठा निघाला. तिन्ही खोक्यांवर ठळक अक्षरांत छापलं होतं की इथे पाठांतर नाही, सगळं प्रत्यक्ष कृतीतून.

"दोरीवालं नको," नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि लटकणाऱ्या कुठल्याही वस्तूकडे संशयानेच बघायचा. "कपडे वाळत घालायला जागा नाही आपल्याकडे, हजारो वर्षं कुठे वाळत घालतेस?"

"मग साम्राज्य?"

"उभारेल आपला वकील. पाडेलही तोच. पण मधल्यामधे गालिचा जाईल."

वकील म्हणजे थोरला मुलगा, वय वर्षं नऊ. जन्मल्यापासून त्याने कुठलीही गोष्ट वाद घातल्याशिवाय मान्य केली नव्हती. मुंगी त्याची धाकटी बहीण. अशा रीतीने वाळूची पेटी बिनविरोध निवडून आली.

ही हौसेची निवड नव्हती. मुंगी शाळेत गेली तेव्हा चिवचिवत गेली होती, आणि वर्षभरात तिथे तिने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. तिला कोणी मारलं नव्हतं की रागावलं नव्हतं. चाळीस मुलांच्या कलकलाटात तिचा आवाज कुठेतरी हरवला, एवढंच. प्रगतिपुस्तकात शेरा आला, 'अत्यंत शांत व शिस्तप्रिय'. तो वाचून आई ढसाढसा रडली होती, कारण तोवर पोर घरातही गप्प झालं होतं. मग आईने तिला घरी शिकवायचं ठरवलं. 'ती घरी, मग मी शाळेत का?' या मुद्द्यावर वकिलानेही स्वतःला घरी आणवून घेतलं. हळूहळू मुंगी घरातल्यांशी बोलायला लागली. बाहेरच्या माणसासमोर मात्र अजूनही तिची दातखीळ बसायची.

शिक्षण खात्याच्या तपासनीस बाई मागच्या भेटीत गणित बघून गेल्या होत्या, भाषाही बघून गेल्या होत्या. दाराशी चपला घालता घालता त्यांनी विचारलं होतं, "आणि इतिहास?"

आईकडे इतिहासाचं दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

"पुढच्या खेपेला मला पुरावा लागेल," बाई म्हणाल्या होत्या. "नाहीतर मुलं शाळेत. माझाही नाइलाज आहे, ताई."

बाई दुष्ट नव्हत्या. त्या नियमाने चालायच्या, आणि दुष्ट माणसाची निदान समजूत तरी घालता येते.

पहिले काही दिवस इतिहास झकास चालला. वाळूत पुरलेले मातीच्या भांड्याचे तुकडे मुलांनी ब्रशने झटकून बाहेर काढले. वरच्या थरातलं नवं, खालच्या थरातलं जुनं, हे मुंगीने आजोबांना तीनदा समजावून सांगितलं. आजोबांना पहिल्याच वेळी समजलं होतं, पण ती बोलतेय म्हणून ते मुद्दाम न समजल्यासारखं करत राहिले.

मग आईच्या शिवणाचं काम अंगावर आलं. ती घरी बसून एका दुकानासाठी शाळेचे गणवेश शिवायची, आणि नेमकी त्याच आठवड्यात त्यांची घाई उडाली. मशीनवरून मान वर न काढता तिने कार्डांचा गठ्ठा वकिलाच्या हाती दिला.

"तिसरं कार्ड तुम्ही दोघं करा. जे लिहिलंय तेच करायचं. एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही. आणि तुझे फाटे फोडू नकोस."

"नाही फोडणार," वकील म्हणाला. आयुष्यात प्रथमच त्याने शब्द पाळला, आणि तिथेच घात झाला.

दुसऱ्या दिवशी कंगवा सापडेना. मग झारा गेला. टीव्हीचा रिमोट गेला, तेव्हा नवरा सोफ्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसला आणि त्याला तिथे फक्त एक झिजलेली पेन्सिल मिळाली. त्याचा मोठा पाना गेला. स्वयंपाकघरातला सहा महिने न उघडलेला डबा गेला, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी आजोबांचा चष्मा गेला.

"बाबा, आठवा बरं. कुठे काढून ठेवलात?" आईने विचारलं.

"उशाशी. नेहमीसारखा."

"तुम्हाला वाटत असेल उशाशी..."

"सूनबाई, मला वाटत नाही. मी ठेवला."

रिमोटसुद्धा शेवटचा आजोबांच्याच हातात बघितल्याचं नवऱ्याला आठवलं. कंगवाही सगळ्यात आधी तेच वापरायचे. रात्रीच्या जेवणाला सगळे आजोबांशी जरा मोठ्याने आणि सावकाश बोलू लागले. हळू आवाजात डॉक्टरांचा विषय निघाला. आजोबांच्या कानाला काही झालं नव्हतं. सकाळी आई चहा घेऊन गेली तर म्हातारा खाटेवर बसून एकेक वस्तू हाताने चाचपत होता. पाकीट, औषधाची बाटली, किल्ली. सगळं जागेवर होतं.

"माझंच काहीतरी होतंय बहुतेक," ते खाली मान घालून म्हणाले. "तुम्हाला त्रास नको व्हायला, बस."

आईला काही सुचेना, म्हणून तिने चहात साखर घातली. ती आधीच घातलेली होती.

त्याच सकाळी तपासनीस बाई आल्या. हातात पिशवी, पिशवीत कागद, शाईची डबी आणि कार्यालयाचा लाकडी मुठीचा शिक्का. हे सगळं त्यांनी टेबलावर ओळीने मांडलं. मुंगी आईच्या पदराआड गेली.

"हं. इतिहासाचा पुरावा दाखवा."

आईने वाळूच्या पेटीकडे हात केला, पण वकील तिच्याआधी उठला. त्याची छाती फुगली होती.

"इथे नाहीये. मागच्या अंगणात आहे. चला, दाखवतो."

मागच्या अंगणात भिंतीलगत मातीचे लहान लहान उंचवटे ओळीने दिसत होते आणि प्रत्येकावर एक काडी खोचलेली होती. आईने ते पाहिले आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. त्या जमिनीत काय काय आहे, हे तिला क्षणात कळलं.

"हा कंगवा," वकील बोट दाखवत चालला. "हा झारा. हा रिमोट, हा पाना, हा डबा. आणि हा आजोबांचा चष्मा. सगळा अभ्यास पूर्ण आहे."

"पुरलंत?" आई किंचाळली. "अरे, पुरलंत का?"

"कार्डात लिहिलंय!"

त्याने खिशातून कार्ड काढलं. बाईंनी ते आपल्या चष्म्याजवळ धरून वाचलं. वर लिहिलं होतं, घरातल्या जुन्या वस्तू शोधा, त्या नीट पाहा. खाली चित्रं होती आणि चित्रांसमोर शब्द. 'कंगवा : पुरावा. डबा : पुरावा. चष्मा : पुरावा.' रोजची साधी वस्तूही इतिहासाचा पुरावा असते, असं लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं. मुलांनी ती आज्ञा म्हणून वाचली होती. चष्मा काय करावा? तर पुरावा.

"अरे, पुरावा म्हणजे साक्ष! खूण!" आई म्हणाली. "आणि झारा, रिमोट, पाना कुठे आहे या कार्डात?"

"शेवटी लिहिलंय, अशी आणखी उदाहरणं शोधा. शोधली." वकिलाने खांदे उडवले. "आम्ही काही वाटेल ते नाही पुरलं. पुरावा लिहिलंय, पुरावी नाही लिहिलेलं. म्हणजे 'तो' असलेलीच वस्तू घ्यायची. मुंगी आजोबांची कवळी घेऊन आली होती, मीच म्हटलं ठेव परत. ती कवळी."

आजोबा मागच्या दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी गालावरून हात फिरवला. व्याकरणाने आपले दात वाचवले, हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं. मग त्याहून मोठी गोष्ट लक्षात आली आणि ते पायरीवर मटकन बसले.

"म्हणजे मी उशाशीच ठेवला होता," ते म्हणाले. "ठेवला होता ना मी, सूनबाई?"

"हो बाबा. तुम्ही बरोबर होतात. आमचंच चुकलं." आईने तिथल्या तिथे त्यांचे हात धरले. तपासनीस बाई बघताहेत, याची तिला त्या घटकेला पर्वा वाटली नाही.

चष्मा उकरून काढला. बाईंनीही खाली बसून डबा काढायला मदत केली. तो उघडल्यावर आतला वास आला, आणि तो पुन्हा पुरावा यावर प्रथमच सगळ्यांचं एकमत झालं. मातीचे हात घेऊन मंडळी आत आली.

बाईंनी मुंगीला समोर बसवलं. त्यांचा आवाज मऊ होता.

"तू सांग बाळ. काय शिकलीस?"

मुंगी जमिनीकडे बघत राहिली.

"बरं, नाव तरी सांग."

आईला वाटलं, तिच्याऐवजी आपणच ओरडून सांगावं. वकील तोंड उघडणार होता, पण आजोबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मुंगीचे ओठ हललेसुद्धा नाहीत.

बाईंनी उसासा टाकून लेखणी उचलली. लिहिता लिहिता त्या बोलत होत्या, कारण कोणाच्या माघारी लिहिणं त्यांना पटत नसे. "इतिहासात मूळ शब्दाचाच अर्थ समजलेला नाही. धाकटी परक्या माणसाशी बोलत नाही. तेव्हा दोघांना शाळेत परत घालावं. ताई, मला वाईट वाटतंय. पण जे दिसलं ते लिहायला हवं. आता यावर शिक्का बसला की आदेश झाला. हात धुऊन येते, कागदाला माती नको."

बाई न्हाणीघरात गेल्या. आई भिंतीला टेकून उभी राहिली. शिवलेल्या गणवेशांचा ढीग कोपऱ्यात होता आणि त्यात मुंगीच्या मापाचे कितीतरी होते. तिच्या डोळ्यांसमोर ते अंधुक झाले. त्या गडबडीत मागचं दार एकदा उघडलं आणि पुन्हा लागलं, तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

बाई पदराला हात पुसत आल्या. कागद होता, शाईची डबी होती.

"शिक्का?"

टेबलाखाली बघून झालं. पिशवी उलटी करून झाली. मग सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळल्या.

"मी नाही!" वकील ओरडला. "तिसरं कार्ड संपलंय माझं!"

"मी पुरला."

आवाज बारीक होता, पण स्वच्छ होता. मुंगी दाराशी उभी होती. नखांत ओली माती होती आणि ती थेट तपासनीस बाईंकडे बघत होती.

आईने तोंडावर हात ठेवला. बाई सावकाश खुर्चीत बसल्या.

"तू पुरलास?"

"हो. शिक्का तो असतो." मुंगीने श्वास घेतला. "शाईची डबी मी घेतली नाही. ती ती आहे. आणि तुम्ही म्हणालात, तो बसला की आम्ही शाळेत. मग तो नाही बसला तर नाही."

"आणि इतर वस्तू त्या कार्डामुळे पुरल्या होत्या. मग हा?"

"ते चुकून पुरलं होतं. हा मुद्दाम पुरला. शाळेत माझं बोलणं येतच नाही. मी खूप आणते, पण तोंडापर्यंत आलं की परत जातं. घरी येतं. आत्ता पण आलं."

बाईंनी आपण लिहिलेला कागद हातात घेतला आणि तो बराच वेळ वाचला. स्वतःचंच अक्षर त्यांना लागत नसावं.

सरकारी शिक्का पुरला म्हणजे केवढा गुन्हा! आईने खुरपं उचललं. "बाई, मी आत्ता उकरून देते, आत्ता! पोर आहे हो, तिला कळत नाही..."

"खुरपं ठेवा, ताई."

"पण शिक्का..."

"ठेवा म्हणते ना! आधी ऐकून घ्या. आमच्या खात्यात एकदा लिहिलेलं खोडता येत नाही. मी हे लिहून बसले आहे. शिक्का सापडला तर मला तो यावर मारावाच लागेल." बाईंनी कागदाची घडी घातली. "शिक्का नसला, तर हा नुसताच कागद. हरवल्याचं मी कळवीन, दोन बोलणी खाईन, आणि नवा शिक्का यायला वर्ष जाईल. मग नव्याने भेट, नव्याने तपासणी. तोवर मुलं आहेत तिथे राहतात."

त्यांनी पिशवी भरली. शाईची डबी मात्र मुंगीने त्यांना स्वतःच्या हाताने दिली. बाई दारापर्यंत गेल्या, चपला घातल्या आणि मागे वळून तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. चेहरा पूर्वीइतकाच गंभीर होता.

"खोल पुरलायस ना?" त्यांनी विचारलं.