नक्की ना?

नरहरी बावनकरांना माऊस हा प्रकार मुळातच पोरकट वाटे. भिलाईच्या कारखान्यात, संगणक विभागात, त्यांचा उभा जन्म काळ्या पडद्यावर कमांड टाइप करण्यात गेलेला. "बटणं दाबाले मी काय लिफ्टमन आहो?" असं ते भिलाईतल्याच रुआबांध्याच्या घरी येईल त्याला ऐकवत.

मुलगी अनुजाने पुण्याहून येऊन घरातले सगळे फोटो, सगळे आवाज एका स्टोरेज सर्व्हरमध्ये भरून दिले होते. हा डबा रोज स्वतःचा एक स्नॅपशॉट घेई, म्हणजे काही बिघडलं तर आदल्या दिवसाच्या स्थितीत परत जाता येई. वडिलांसाठी तिने घरगुती मराठीत बटणांचा पडदाही करून दिला होता. नरहरींनी तो एकदाही उघडला नाही.

त्या रविवारी त्यांनी सफाई काढली. जुना कचरा उडवायला एक ऐटदार कमांड ठोकली आणि कचऱ्याबरोबर रत्नमालाबाईंचं रेकॉर्डिंगही उडालं. बाईंना जाऊन वर्ष झालं होतं. पाटोडीचा रस्सा कसा करायचा ते त्यात होतं. खरं तर रस्सा थोडा आणि नवऱ्याला बोलणी जास्त. पण बायकोचा आवाज म्हणून तेवढाच उरला होता. घाईघाईने नरहरींनी स्नॅपशॉट परत आणायची कमांड दिली, आणि चुकून स्नॅपशॉटच पुसले! तेव्हा कुठे पुण्याला फोन गेला.

"बाबा, कमांड कावून टाकली? वो पूछता नहीं ना, सीधा उडा देता है!"

"मले काय माहीत, असं करन म्हणून?"

"दिवाळीवाला स्नॅपशॉट मी लॉक केला होता. तेवढा असन. आता चुपचाप माऊस पकडा."

नरहरींनी निमूटपणे माऊस धरला आणि 'परत आणा' दाबलं. पडद्यावर चौकट आली: 'नक्की ना?'

त्यांचा हात थबकला. कुलूप लावलं, नक्की ना? स्कूटर विकायची, नक्की ना? रत्नमालाबाई जन्मभर हेच विचारत आल्या आणि नरहरी जन्मभर खेकसत आले, "एकदा सांगितलं ना!" गेल्या वर्षभरात त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं.

त्यांनी 'हो' दाबलं. "बेसन घोटा आधी, मोबाईल काय पाहून राहिले!" परत आलेल्या रेकॉर्डिंगमधून बाई करवादल्या. नरहरींनी डोळे पुसले.

संध्याकाळी अनुजाने पुन्हा फोन केला. "बाबा, काय करून राहिले?"

"माऊस चालवून राहिलो."

"हे भगवान! आता काय उडवलं?"

"काई नाही वं पोरी. 'काढून टाका' दाबतो. ते विचारते, मी नाही म्हणतो. मंग पुन्हा दाबतो."