वीस लाख ठिपक्यांचं वाटप

प्रसादाचं पातेलं ठरलेलं असतं, पानं मात्र वाढत जातात. शिरगावपलीकडच्या आमच्या वाडीच्या सप्ताह समितीला हे सत्य पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. एकोणीसशे नव्याण्णव साली ते कॅमेऱ्यालाही लागू आहे असं कळल्यावर समितीला कॅमेऱ्याविषयी आदर वाटला.

हे सांगितलं भिकाने. त्याचा बोईसरला फोटो स्टुडिओ, पण तो मूळचा वाडीचाच. रामनाथबुवांच्या कीर्तनात मांडी घालून वाढलेला. यंदा बुवांचं शेवटचं कीर्तन होतं, गळा साथ देत नव्हता. आणि चाळीस वर्षांत त्यांचा एक फोटो कुणी काढलेला नव्हता. देवळात लावायला एक मोठा फोटो हवा, म्हणून भिका मुंबईहून एक दिवसासाठी डिजिटल कॅमेरा आणणार होता. दोन प्रकार मिळत होते : दहा लाख ठिपक्यांचा (म्हणजे पिक्सेलचा) आणि वीस लाखांचा.

"भिंगामागची उजेड धरनारी पाटी दोन्हींत तेवढीच हाय," भिका म्हणाला. "वीस लाखांत नाकडोळं बारीक येतात, पन दर ठिपक्याला उजेड निम्माच. सांजचं काम हाय. दहाचाच बरा."

समितीने सर्वानुमते वीसचा ठरवला. (वीस नको म्हणणारा माणूस समितीवर जाईलच कशाला?)

सार्वजनिक ठिपक्यांची उधळपट्टी होऊ नये म्हणून लगोलग वाटप झालं :

अध्यक्ष पुंडलिकशेठ – चार लाख.
सभासद अकरा, दरडोई एक – अकरा लाख.
समितीच्या नावांचा फलक – तीन लाख.
इतर चारशे माणसं, दरडोई पाचशे – दोन लाख.

आकाशासाठी तरतूद नव्हती. (त्याने वर्गणीही दिलेली नव्हती.) बुवा 'इतर'मध्ये.

"शेठ, बुवांना पुढं बसवा," भिका काकुळतीला आला. "पुढच्या वर्सी ते येनार नाय."

"अरं भिक्या, बुवा संत मानूस. त्यांना फोटोची हौस हाय काय?" पुंडलिकशेठ प्रेमाने म्हणाले. "ज्याला हौस, त्याला ठिपकं."

बुवा हसत हसत मागच्या ओळीत गेले.

फोटो चारला ठरला होता. अकरा सदऱ्यांना इस्त्री होईस्तोवर सूर्य समुद्रात गेला. भिकाने कपाळावर हात मारला. मग मागे जाऊन बुवांना हळूच दोन पावलं सरकवलं, देवळाच्या एकुलत्या दिव्याखाली.

फोटो आला. अंधारात पोटाला उजेड न मिळालेल्या ठिपक्यांनी दाणे धरले होते. शेठच्या चार लाखांच्या गालांवर जणू जवळा वाळत घातला होता. समितीने ठराव करून कॅमेऱ्याला दोष दिला.

तीन आठवडे सारी वाडी देवळात येऊन गेली. जो तो फोटोवर बोट फिरवी, स्वतःचे पाचशे ठिपके सापडले की घरी जाई. भिका खांबाला टेकून बघत राही. बुवा कुठं आहेत, हे कुणी विचारलं नाही.

मग वाडीतली म्हातारी काशीबाई आली. तिला मोतीबिंदू; स्वतःला शोधण्याची सोय नव्हती. मागच्या ओळीत एक उजळ डाग दिसला, तिने हात जोडले. "आमचं बुवा. कसं हसतंत बग!"

भिकाने डोळे पुसले.

आमची वाडी भोळी, हसा खुशाल. पण तुमच्या घरीही एखादा लग्नातला मोठा फोटो असेलच. त्यात नवरानवरी कुठं उभी आहेत, आठवतं? आणि तुम्ही?