नाना आणि उलटी बाजू

नाना दिघे कोणाचीही वस्तू आधी उलटी करून पाहत. रुमाल, टोपी, टेबलक्लॉथ. स्वतःसाठी मुलगी पाहायला गेले, तेव्हा तिने भरतकाम केलेला उशीचा अभ्राही त्यांनी तिच्या वडिलांसमोर उलटा केला होता. नानांचं लग्न का राहिलं, हे लोणावळ्यात कोणी विचारत नसे.

"सुलट बाजू सगळ्यांचीच बरी असते. उलटी दाखवा," असं ते म्हणत.

भाजे गावाहून दूध घालायला येणारे आबा वैतागत. "नाना, दूध बघा की. पिशवीचे टाके काय बघताय? सुनेनं भरलीया ती."

"सून घाईत होती, आबा."

"व्हय, तुमच्यावानी रिकामी न्हाई ती."

रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले नाना भरतकामाची जुनी पोस्टकार्डं जमवत. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या बायका रेशमी जाळीच्या पट्ट्यांवर फुलं-पाखरं भरत. त्या पट्ट्या कार्डाच्या चौकटीत डकवून विकल्या जात आणि गोरे शिपाई ती कार्डं घरी धाडत. लोणावळ्यातला एखादा साहेबी बंगला विकायला निघाला, की भंगारवाल्याच्या आधी नाना हजर. झुंबराकडे ढुंकूनही न बघता ते टेबलांचे खण उपसत. मग भिंगाखाली टाके तपासून कार्ड खरं की नकली, ते ठरवत. त्यांचं लाडकं कार्ड निळ्या फुलपाखराचं. त्याला पाकिटासारखी झडप होती. ती उचलली की टाक्यांची मागची बाजू दिसे.

ते कार्ड मी जाळलं. सोळा वर्षं हे बायकोशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

आमच्याकडे पावसाळ्यात शेगडीवर बांबूचं विणलेलं डालगं उपडं घालून त्यावर कपडे वाळवतात. नाना कार्डांनाही बुरशी लागू नये म्हणून तशीच ऊब देत. एका श्रावणात ते कुठलंसं कार्ड बघायला दोन दिवस तळेगावला गेले आणि ते काम मला, शेजाऱ्याला, सोपवून गेले. "मंद आच. नजर हलवायची नाही." मी वर्तमानपत्र उघडलं. वास आला तेव्हा फुलपाखराचा एक पंख करपला होता.

"मी फ्रान्सची बाई नाही, आधीच सांगून ठेवते," असं म्हणत माझ्या बायकोने, सुमनने, जुन्या रेशमी ओढणीच्या पट्टीवर दुसरं फुलपाखरू भरलं. मी ते चौकटीत डकवलं आणि जळकी पट्टी ट्रंकेच्या तळाशी दडवली.

नाना परतले. झडप उचलून भिंगातून बराच वेळ पाहत राहिले. "हात बारीक आहे बाईचा," एवढंच म्हणाले.

त्यानंतर मी दर रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागलो. त्यांना वाटत असेल, मला कार्डांची गोडी लागली. मला लागली होती ती टोचणी. तेच टाके, तेच किस्से, तोच बेचव चहा. मी शिक्षा समजून सगळं घेत होतो.

मागच्या महिन्यात नाना म्हणाले, "सगळी कार्डं पुण्याच्या एका संग्रहालयाला देतोय. उद्या त्यांचे जाणकार तपासायला येतील."

चार लोकांत नानांचंच कार्ड नकली निघणार. मी घरी जाऊन जळकी पट्टी आणली, त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

नानांनी सवयीने ती उलटी केली. "हे खरं," म्हणाले. मग उशाखालून फुलपाखराचं कार्ड काढलं. "हे मी बाजूलाच ठेवलंय. द्यायचं नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. त्या बाया मागे अशी तिहेरी गाठ मारत नाहीत. ही गाठ तुझ्या शर्टाच्या प्रत्येक बटणामागे आहे."

"मग सोळा वर्षं बोलला का नाहीत?"

नाना भिंग पुसत बसले. पुसून झालं तरी पुसत होते.

"बोललो असतो तर तू माफी मागून मोकळा झाला असतास. रविवारी मग कोण आलं असतं?"

त्या दिवशी घरी येऊन मी दुपारभर गाढ झोपलो. सुमनला वाटलं, ताप आला.

पुढच्या रविवारी मला निघायला उशीर झाला. लांबून पाहिलं तर नाना फाटकाशी उभे राहून रस्त्याकडे बघत होते. मी दिसताच लगबगीने आत गेले. मी पोचलो तेव्हा ते खुर्चीत बसून, डोळ्यांवर भिंग धरून, एक कोरं पाकीट तपासत होते.

"आलास होय?" मान वर न करता ते म्हणाले. "चहा ठेवलाय. गार झाला असेल."