चांगुणाबाईचा पदर

"आज लांडग्याचा फोटू न्हाई काढला, तर कॅमेरा हळदीच्या कढईत शिजवतो!" सोनाजींनी घोषणा केली.

शीतलनं पुस्तकातून मान वर केली नाही. "बाबा, ते कुत्रं आहे."

एसटीत कंडक्टरकी करून रिटायर झालेल्या सोनाजींनी कॅमेरा घेतला आणि कुरुंद्याच्या शिवारातलं झाडून सगळं रानजीवन धूसर करून टाकलं. त्यांचं हरीण म्हणजे बाभळीचा बुंधा निघायचा आणि मोर म्हणजे कुणाची तरी वाळत घातलेली लुंगी! जीव मात्र शिवारात कधीमधी दिसणाऱ्या एका करड्या लांडग्यात अडकलेला. "कुत्र्याची शेपूट वर वळती, लांडग्याची लोंबती," हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत. गावानं मानलं काय, न मानलं काय. वसमतच्या कॉलेजात ग्रंथपाल असलेल्या आपल्या लेकीनं एकदा 'लांडगाच आहे' म्हणावं, एवढीच हौस. आणि शीतल पुराव्याशिवाय बोलत नसे.

योग मात्र झकास होता. मसाजी धनगरानं सोनाजींच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. मेंढ्या तिथं लांडगा! उजाडता उजाडता सोनाजी मसाजीचं घोंगडं पांघरून चार पायांवर कळपात शिरले. बाप मेंढ्यांत हरवू नये म्हणून शीतल बांधावर उभी राहिली.

मेंढ्यांनी त्यांना लगेच आपलं मानलं. मसाजीच्या कुत्र्यानं मानलं नाही! त्यानं घोंगडं धरलं, सोनाजी किंचाळले, मेंढ्या उधळल्या आणि मसाजी काठी घेऊन धावला.

"लांडगा! लांडगा!"

"आरं, मी सोनाजी!"

"आरं बापा, लांडगा बोलून राहिला!"

शेजारच्या रानात हळद शिजवणारी माणसं धावून आली. काठ्या उगारल्या गेल्या. तेवढ्यात घोंगड्यातून कॅमेरा बाहेर आला. काठ्या खाली आल्या आणि सगळ्यांचे हात आपापल्या केसांवरून फिरले.

"फोटू काढून राहिले व्हय?" मसाजीची म्हातारी आई, चांगुणाबाई, पुढं सरसावली. "माझा काढा. मेल्यावर पोरं हार काय भिंतीला घालतील?"

"आजी, हा रोल लांडग्यासाठी आहे," शीतल म्हणाली.

"लांडग्याला हार कोण घालतं गं?"

शीतल बाजूला झाली. फोटो निघाला. मग म्हातारपण साथीसारखं पसरलं! रुक्माबाई घरी पळाली ती ठेवणीतलं लुगडं नेसूनच आली. तिशीतला बजरंगही खोकत रांगेत. "तब्येतीचं काई खरं न्हाई, काका!"

सोनाजींच्या अंगातला कंडक्टर जागा झाला. "मागं सरका! ढकलू नका! मरायला सगळ्यांना जागा हाय!"

शीतल कुजबुजली, "बाबा, एक तरी शिल्लक ठेवा. तुमचाच काढते."

"माझी काय घाई हाय? शेवटचा लांडग्याचा."

शेवटचा चांगुणाबाईनं पटकावला. "पयल्यात दात दिसले असतील. म्या तोंड मिटते, दुसरा काढा."

खटॅक! रोल संपला.

घरी परतताना सोनाजींच्या खांद्यावरच्या घोंगड्याला भोक होतं आणि तोंडावर हसू. "उद्या नवा रोल आणतो. फोटू निघाला की म्हणशील नं, लांडगा हाय म्हणून?"

"बघू," शीतल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सोनाजी झोपेतून उठलेच नाहीत.

हार घालायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, अख्ख्या गावाची सोय करून ठेवणाऱ्या माणसाचा घरात एकच फोटो होता. एसटीच्या ओळखपत्रावरचा. त्यात शिक्का बरोबर नाकावर!

शीतलनं वसमतला तो रोल धुवायला दिला. फोटो आले आणि सोनाजींच्या हातून जन्मात पहिल्यांदाच सगळे स्पष्ट आले. गाव मरणासाठी ताठ उभं होतं. शेवटच्या फोटोत चांगुणाबाई तोंड मिटून. आणि तिच्या मागं, बांधावर, एक करडं जनावर. सोनाजी 'हलू नका' ओरडले असतील, ते त्यानंही मनावर घेतलेलं. बाकी सगळे कॅमेऱ्याकडं बघत होते; मागं वळून कोण बघणार!

मसाजीनं फोटो उलटसुलट करून पाहिला. "आमचं कुत्रं दिसून राहिलं, ताई."

शीतलनं शेपूट शोधली. नेमक्या शेपटीच्या जागी चांगुणाबाईचा पदर उडालेला.

घरी येऊन तिनं फोटो उजेडात धरला. खाली मातीवर, चांगुणाबाईच्या पायांपर्यंत, फोटो काढणाऱ्याची लांब सावली पडली होती. खांद्यावर घोंगडं, डोळ्याला कॅमेरा.

घरात कुणी नव्हतं. तरी शीतलनं एकदा दाराकडं बघून घेतलं. मग मोठ्यानं म्हणाली,

"लांडगाच आहे, बाबा."