अध्यक्षांची बिनचमकीची बदकं

अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरकाठच्या बदक शिकार मंडळाचे अध्यक्ष हॉबर्ट प्रुइट यांच्यापुढे गंभीर प्रश्न उभा होता. पाण्यावर सोडायच्या रंगवलेल्या लाकडी बदकांना संरक्षक लेप कोणता द्यावा? खऱ्या बदकांनी त्यांना भुलून बंदुकीच्या टप्प्यात उतरावं, एवढीच त्या लाकडाकडून अपेक्षा. पण यंदा बदकं लांबूनच माघारी वळत होती. वार्षिक जेवणात अध्यक्षांनी स्वतः मारलेलं बदक वाढलं नाही तर खुर्ची जाते, असा मंडळाचा नियम. मागच्या अध्यक्षाला घालवायला तो हॉबर्टनीच करून घेतला होता.

"वार्निश चमकतंय," लेप उपसमितीने निदान केलं. चकचकीत वार्निश घासून काढलं, निमचमकीचं लावलं. बदकं वळली. मग पूर्ण बिनचमकीचं. बदकं वळली. मग त्यावर आणखी एक हात, वर चुलीतली राख चोळून. शेवटी लाल डोक्याचा नर कुठला आणि तपकिरी मादी कुठली, हे उपसमितीलाही सांगता येईना, तेव्हा 'समाधानकारक प्रगती' असा शेरा एकमताने मंजूर झाला.

शिकाऱ्यांनी दबा धरायच्या शेजारच्या आडोशात मर्ल ब्लंट बसायचा. त्याची बदकं म्हणजे काळा रंग फासलेल्या ब्लीचच्या रिकाम्या बाटल्या. त्यांच्यात मात्र खरी बदकं माहेरी आल्यासारखी उतरत होती.

हंगामाच्या शेवटच्या सकाळी हॉबर्टना राहवेना. "मर्ल, लेका, लेप कुठला लावतोस रे?"

"कसला लेप? आधी तुझ्या टोपीवरचा तो बिल्ला काढ, अध्यक्षमहाराज! इथे माझे डोळे दिपतायत, बदकांचं काय होत असेल!"

हॉबर्टनी टोपी काढून पाहिली. 'अध्यक्ष' कोरलेला पितळी बिल्ला. तो ते रोज स्वतः घासत, वर चकचकीत वार्निशचा हात देत. त्यांना मनापासून लाज वाटली. बिल्ला खिशात टाकला की बदक मिळणार, खुर्चीही वाचणार. पण बिल्ला नसलेल्या माणसाला अध्यक्ष म्हणून ओळखणार कोण? टोपी पुन्हा डोक्यावर चढली. बदकं वळली.

वार्षिक जेवणाला त्यांच्या पत्नी लोरेटाबाईंनी बाजारातली कोंबडी रश्शात बुडवून बदक म्हणून वाढली.

"कुणी ओळखलं तर गं?" हॉबर्ट कुजबुजले.

"तुम्ही गप्प जेवा. बिल्ला सरळ करा आधी."

सगळ्यांनी मिटक्या मारल्या. हॉबर्ट पुन्हा अध्यक्ष झाले, आणि शिकारीचं श्रेय नव्या लेपाला देण्यात आलं. ठरावाच्या बाजूने मर्लनेही हात वर केला, कारण पुढच्या वर्षी लेप उपसमितीत त्याला जागा कबूल झाली होती.

तुम्ही हसताय खरे. पण त्या पंगतीत असतात, तर बदक दुसऱ्यांदा मागून घेतलं असतंत, आणि निघताना त्या बिल्ल्याशेजारी उभं राहून फोटोही काढून घेतला असतात.