कधीही न घासलेली डबी

"शांत आहे गं, पण मला शांत माणसांचीच भीती वाटते. बडबड्या माणसाने काही फोडलं तर निदान कळतं तरी."

सासूबाई हे फोनवर आपल्या बहिणीला सांगत होत्या आणि मी दाराआड वाळलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन उभी होते. लग्नाला तेवीस दिवस झाले होते. खोकावं, तर मी ऐकलं हे कळणार. न खोकावं, तर चोरून ऐकलं असं होणार. (मी उलट्या पावली गच्चीवर गेले आणि वाळलेल्या चादरी पुन्हा वाळत घातल्या.)

तिथेच ठरवलं, की न सांगता एक तरी चांगलं काम करून दाखवायचं. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं याच निश्चयातून सुरू झाली आहेत.

माझे सासरे दातांचे डॉक्टर. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावल्यावर त्यांना मिटलेल्या वस्तूंची ओढ लागली असावी. ते चांदीच्या जुन्या कार्ड-डब्या जमवतात. काड्यापेटीहून जरा मोठी, चपटी, वर नक्षी कोरलेली डबी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बडी माणसं कोणाकडे जाताना त्यात आपल्या नावाची कार्डं नेत. यजमान घरी नसला, की नोकराच्या हातात एक कार्ड ठेवून परत. (न बोलता भेट उरकायची ही सोय बंद पडली, याचं मला फार वाईट वाटतं.)

अशा एकतीस डब्या बैठकीतल्या काचेच्या कपाटात होत्या. त्यातली एक बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, जीव की प्राण. झाकणावर तळं, तळ्यात होडी, होडीत टोपीवाला नावाडी. त्या दिवशी पाच वाजता ती पाहायला संग्राहक मंडळाचे जाणकार येणार होते. त्यांच्या डोळ्याला कायम भिंग, म्हणून घरात त्यांचं नाव भिंगकाका. त्यांना पसंत पडली, तर मंडळाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तिचा फोटो. बाबा अकरा वर्षं या दिवसाची वाट पाहत होते.

दुपारी सासूबाई आणि बाबा बाजार करून भिंगकाकांना स्टेशनवरून आणायला निघाले. "कपाट तेवढं पुसून ठेव, बाळ," बाबा म्हणाले. किल्ली कपाटालाच होती.

काच पुसता पुसता माझं लक्ष त्या डबीकडे गेलं. रेघारेघांत काळं साचलेलं. माझ्या माहेरी काळी पडलेली चांदी म्हणजे घरातल्या बाईच्या आळसाची पाटी. पाहुण्यांपुढे ही अशी ठेवायची? मी टूथपेस्ट घेतली, एक मऊ ब्रश घेतला आणि पंधरा मिनिटं जीव ओतून घासली.

डबी आरशासारखी झाली. इतकी, की तिच्यात माझा चेहरा दिसू लागला आणि नावाडी दिसेनासा झाला. होडीही गेली. तळं पाण्याने काढल्यासारखं.

कपाटात बाबांच्या अक्षरात एक चिठ्ठी होती, ती मी आता वाचली. 'मूळ स्थिती. कधीही न घासलेली.' त्या काळेपणाचीच किंमत होती.

मी नवऱ्याला फोन लावला. तो शाळेत विज्ञान शिकवतो.

"चांदी काळी कशी करायची?"

"लोक पांढरी कशी करायची ते विचारतात."

"लवकर सांग."

तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "कुठली डबी?"

"नावाडी."

"अंडी उकड. गरम असतानाच अर्धी काप, डबीसकट एका डब्यात ठेव, झाकण घट्ट. गंधक असतं त्यात. आणि मी काही सांगितलेलं नाही. मी वर्गात आहे."

मी सहा अंडी उकडली. दोन तास त्या डब्यासमोर बसून होते. जिन्यात पाऊल वाजलं की वाटे, आले. शेवटी झाकण उघडलं तर डबी तव्यासारखी काळी. मऊ फडक्याने वरवर पुसली, आणि रेघांतून एकेक करत होडी, काठ, टोपी वर आली. मी डबी कपाटात ठेवते न ठेवते तोच दार वाजलं.

भिंगकाकांनी डबी उचलली. मी पडद्याशी उभी.

"डॉक्टर," ते म्हणाले, "असा काळेपणा मी जन्मात पाहिला नाही." त्यांनी डबी हुंगली. "आणि हा जुनेपणाचा वास."

बाबांचे डोळे भरून आले. भिंगकाकांनी एक कागद पुढे केला. "इथे सही करा. डबी कधीही घासलेली नाही, असं लिहून द्यावं लागतं. उद्या खोटं ठरलं, तर मंडळातून नाव जातं, एवढंच."

बाबांनी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात सासूबाई बशी घेऊन आल्या. "हिने आधीच उकडून ठेवली होती बघा. मी नुसतं मीठ-मिरी घातलं." बशीत बारा अर्धी. भिंगकाकांनी एक तोंडात टाकलं.

"बाबा, सही नका करू," मी म्हणाले.

"काय म्हणतायत सूनबाई?" भिंगकाकांनी विचारलं.

"मीठ पुरतंय का विचारतेय," सासूबाई म्हणाल्या. "हळू बोलते ती."

बाबांचं पेन कागदाला टेकलं. मी पडदा सोडून पुढे आले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच साऱ्या घराला ऐकू जाईल असं बोलले, "डबी मी आज घासली. मग काळी केली. याच अंड्यांनी."

भिंगकाकांचं चावणं थांबलं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. सासूबाई बशीकडे बघत राहिल्या. बाबांनी टोपण लावलं, डबी उजेडाकडे धरली आणि चाळीस वर्षं ज्या स्वरात रोग्यांना विचारत आले, त्याच स्वरात विचारलं, "कशाने घासलीस?"

"टूथपेस्टने."

"आणि ब्रश? कडक होता की मऊ?"

"मऊ होता, बाबा," मी म्हणाले. "तुमचा."