परचुरे सरांचं फडकं

लग्नात लोक तांब्या देतात, लुगडं देतात. परचुरे सर पाणी गाळायचं फडकं देत. माझ्या लग्नात त्यांनी ते मांडवात सगळ्यांदेखत माझ्या हातात ठेवलं. जाड मांजरपाटाचं, दुहेरी, कडेनं त्यांनी स्वतः घातलेली तिरकी शिवण. माझ्या मावशीचं तोंड उतरलं. सर गंभीरपणे म्हणाले, "सूनबाई, नवरा रुसला तर समजूत काढता येते. फडक्याला भोक पडलं तर मात्र मला लगेच सांगायचं."

सर पुण्याचे, विद्यापीठातले प्राध्यापक. दर रविवारी विद्यार्थ्यांना घेऊन एसटीनं चाकणला उतरत आणि चालत आमच्या गावी येत. रामराम वगैरे त्यांना ठाऊक नव्हतं. कुणाच्याही घरात शिरायचं, थेट माठापाशी जायचं आणि विचारायचं, "गाळलं का?" सत्यनारायणाला तीर्थ देणाऱ्या भटजींनाही त्यांनी हात पुढे करण्याआधी हेच विचारलं होतं.

हसू नका. त्या काळी आमच्याकडे घरोघरी नारू. पायाला फोड यायचा, त्यातून दोऱ्यासारखा किडा निघायचा आणि ऐन पेरणीत धडधाकट माणूस अंथरुणाला खिळायचा. तसलाच पाय घेऊन माणसं पायऱ्यांच्या विहिरीत उतरत, किड्याची पिल्लं पाण्यात सुटत आणि तेच पाणी सगळं गाव पीत असे. सरांचं म्हणणं, घरात फडकं हवंच, पण पायऱ्या बुजवून वर रहाटही बसवायला हवा. गाव कबूल झालं. अडून बसल्या त्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची.

मी नुकती बाळंतीण झाले होते. बाळंतिणीनं विहिरीत उतरून पाण्यात पाय बुडवायचा आणि पाण्याची ओटी भरायची, ही आमच्या घरची रीत. आणि माझ्या घोट्यावर नारूचा फोड. सरांचे विद्यार्थी पहारी घेऊन पायऱ्या फोडायला आले तेव्हा आत्याबाई वरच्या पायरीवर मांडी घालून बसल्या होत्या. "माज्या सुनेचा पाय पान्याला लागल्याबिगर दगुड हलायचा न्हाई."

सर शेजारी बसले. "पाय पाण्याला लागायला हवा ना? मग पाणीच वर आणू. परातीत बुडवू दे पाय. नंतर ते लांब मातीत ओतून टाकू."

आत्याबाईंनी तिथल्या तिथं नवी अट काढली. "पानी तिच्या भावानं आनाय पायजे. आन् हिला भाऊ न्हाई."

"मी आहे की," सर म्हणाले आणि धोतर खोचून, कळशी घेऊन उतरले. वर येऊन त्यांनी पाणी परातीत ओतलं. अर्थात, गाळून.

त्याच आठवड्यात पायऱ्या बुजल्या. हळूहळू नारूही गावातून गेला. विद्यार्थी दुसऱ्या गावांना जाऊ लागले. सर मात्र दर रविवारी येतच राहिले, एकटे. पुण्यात त्यांचं स्वतःचं असं कुणी नाही, हे आम्हाला त्यांच्या एका विद्यार्थ्याकडून कळलं होतं.

एका रविवारी आत्याबाई माठावरचं फडकं सोडून चुलीमागे दडवताना मला दिसल्या.

"अवो आत्याबाई, सकाळीच गाळलंय मी पानी."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "पर त्येला तिकडं रागं भराया हाय कोन?"

तेवढ्यात दाराशी चपला काढल्याचा आवाज झाला आणि सर थेट माठापाशी आले. "गाळलं का?"

आत्याबाईंनी पदर डोक्यावर ओढला, मान खाली घातली.

"न्हाई वो सर. आज बी इसरले."